दालमिलचा सर्व्हर: विंडोज की लिनक्स?

जळगावच्या दालमिलच्या ऑफिसात सर्व्हर टेबलाखाली असतो. पंख्याच्या जाळीवर तुरीच्या भुशाचा पिवळसर थर. त्यावर विंडोज घ्यावं की लिनक्स? आधी हिशेब कशात ठेवता ते पाहा. टॅली विंडोजसाठी बनलेलं, तेव्हा तिथं विंडोज सर्व्हरच बरा; मात्र वापरणाऱ्यामागे किंवा यंत्रामागे वेगळा परवाना लागतो. धुळ्यातल्या दुकानाला नुसत्या फायली नि बॅकअप सांभाळायचा असेल, तर डेबियन किंवा उबुंटू हे लिनक्स फुकट आणि भक्कम. पण रात्री बिघाड झाला तर गावात दुरुस्त करणारं कोण, हा प्रश्न मला किमतीहून मोठा वाटतो. मुदतही बघा: सेंटओएस ७ या लिनक्सचे सुरक्षा-अपडेट ३० जून २०२४ ला थांबले, विंडोज सर्व्हर २०१६ ची मुदत १२ जानेवारी २०२७. तुमच्याकडे कोणती आवृत्ती आहे, आजच तपासा.