रंगीत गावातला तासांचा हिशेब

भूमध्य समुद्रात सार्डिनिया नावाचं इटलीचं मोठं बेट आहे. त्याच्या पश्चिम किनाऱ्याजवळ, तेमो नदीच्या काठी, टेकडीला बिलगून बोसा वसलंय. वस्ती जेमतेम ७-८ हजारांची, पण रंग काय एकेक! पिवळी, गुलाबी, विटकरी, पोपटी, निळी घरं एकाला एक चिकटून उभी. दिवाळीत रांगोळीच्या रंगांची दुकानं लागतात ना, अगदी तसं दिसतं. माझी भाची नोकरीनिमित्त इटलीत असते. तिच्याकडे गेले होते तेव्हा सप्टेंबरात आम्ही दोघी अल्गेरो शहरातून बसने इथे आलो. समुद्रकाठचा वळणावळणाचा रस्ता साधारण ४५ किलोमीटरचा.

गावाच्या डोक्यावर मालास्पिना घराण्याचा मध्ययुगातला किल्ला आहे. त्याच्या पायथ्याशी ‘सा कोस्ता’ हा जुना मोहल्ला. गल्ल्या इतक्या चिंचोळ्या की समोरून कुणी पिशवी घेऊन आलं तर आपण भिंतीला टेकायचं. पायऱ्या चढता चढता गुडघे बोलायला लागतात! घरं उंच आणि अरुंद. कित्येक घरांत एका मजल्यावर एखादीच खोली. पाणी भरायला, धुणं वाळत घालायला इथल्या बायका दिवसातून किती वेळा जिने चढल्या-उतरल्या असतील, हाच विचार माझ्या मनात आला.

नदीच्या पलीकडच्या काठावर जुन्या इमारतींची एक लांब रांग दिसते. तिला ‘सास कोन्त्सास’ म्हणतात, म्हणजे कातडी कमावण्याचे कारखाने. या कामाला पाणी भरपूर लागतं आणि वास तर विचारू नका, म्हणून नदीकाठी पण गावापासून पलीकडे. एके काळी इथलं चामडं गावाची शान होतं. दुसऱ्या महायुद्धानंतर मात्र हा धंदा बसत गेला आणि कारखाने बंद पडले. आता त्यातल्या एका इमारतीत या धंद्याचं संग्रहालय आहे.

बायकांचं काम मात्र अजून चालू आहे. त्याला ‘फिलेट’ म्हणतात. आधी सुताची गाठी मारत चौकोनी जाळी विणायची, अगदी कोळ्यांच्या जाळ्यासारखी. मग ती चौकटीवर ताणून बसवायची आणि सुईने एकेक घर भरत पक्षी, फुलं, द्राक्षाच्या वेली उठवायच्या. मासेमारांच्या गावात जाळ्यासारखंच नाजूक भरतकाम फुललं, याची मोठी गंमत वाटली. आम्ही गेलो तेव्हा किल्ल्यातल्या देवीचा, ‘रेञ्ञोस आल्तोस’चा उत्सव जवळ आला होता. त्या दिवसांत गल्लोगल्ली छोट्या वेद्या मांडून सजवतात. घराघरांतली ठेवणीतली जाळीची वस्त्रं तेव्हा बाहेर निघतात.

एका दारात सत्तरीच्या आजी बुटक्या खुर्चीवर चौकट घेऊन बसल्या होत्या. भाचीने दुभाषी व्हायचं कबूल केलं आणि आमच्या गप्पा जमल्या. त्या आईकडून शिकल्या, आई तिच्या आईकडून. त्यांच्या दोन्ही मुली नोकरीसाठी मुख्य भूमीवर गेल्या. सुई कुणीच धरली नाही. शेजारच्या दुकानात मशीनवरची तसलीच जाळी स्वस्तात मिळते. पर्यटक दोन्ही हातात घेऊन बघतात आणि स्वस्तातली उचलतात.

पण आजी पक्क्या! त्यांच्या प्रत्येक कामाला एक चिठ्ठी टाचलेली होती. तिच्यावर पेन्सिलने आकडा लिहिलेला. मला वाटलं, किंमत असेल. भाचीने विचारून सांगितलं, “हे तास आहेत, मावशी. एवढा रुमाल करायला ४१ तास लागलेत.” गिऱ्हाइकाने घासाघीस सुरू केली की आजी काही बोलत नाहीत, फक्त त्या आकड्यावर बोट ठेवतात.

याच बेटावरच्या नुओरो गावात १८७१ मध्ये ग्रात्सिया देलेद्दा जन्मली. मुलींचं शिक्षण चौथीपर्यंत, पुढे घर, अशी रीत. तिने घरी वाचून-लिहून कथा-कादंबऱ्या रचल्या आणि तिला १९२६ चं साहित्याचं नोबेल मिळालं. तिच्या हाताला नाव मिळालं. फिलेट करणाऱ्या हजारो हातांच्या कामावर मात्र सही नसते. आजींची ती चिठ्ठी मला सहीच वाटली.

मैत्रिणींनो, मी बचत गटांबरोबर काम करते. पापड, गोधड्या, कापडी पिशव्या यांचे हिशेब रोज बघते. उडीद, तेल, दोरा, कापड, रिक्षाभाडं, सगळं पैशापर्यंत मांडलेलं असतं. बाईचे तास मात्र कुठल्याच रकान्यात नसतात. “घरचंच काम, दुपारी बसल्या बसल्या होतं,” असं आपणच म्हणतो. मग गिऱ्हाईक तरी त्याचे पैसे का देईल? किंमत ठरवताना तास धरले तर माल जरा महाग पडेल, काही गिऱ्हाइकं तुटतीलही. पण तास धरलेच नाहीत, तर आज चाळिशीची बाई जे करते ते तिची मुलगी उद्या कशाला शिकेल?

परत आल्यावर आमच्या गोधडीच्या गटाने वहीत एक नवा रकाना आखला. पहिल्या गोधडीपुढे आकडा पडला ६८ तास. बायका एकमेकींकडे बघतच राहिल्या. तुमच्या वहीतही हा रकाना आखून बघा. आकडा लिहायला पेन्सिल पुरते.