ऑफिसच्या टेबलावर नास्तारची बरणी: इंडोनेशियातल्या घरगुती बेकरांना हलालचा कागद कशाला?

इंडोनेशियातल्या बऱ्याच ऑफिसांत रमजानच्या तोंडावर एक यादी फिरते. अकाउंट्समध्ये किंवा रिसेप्शनवर बसणारी एखादी ताई व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर बरण्यांचे फोटो टाकते. नास्तार, कास्तंगल, पुत्री साल्जू. खाली किंमत, ऑर्डरची शेवटची तारीख आणि 'आगाऊ पैसे दिले तरच ऑर्डर पक्की' अशी ओळ. दिवसा बिलं आणि पगारपत्रकं, रात्री घरी ओव्हन. जकार्ता, बांडुंग, सुराबाया, कुठेही जा, अशा बायका गल्लोगल्ली सापडतील.

या बायकांना हल्ली सरकार हलाल प्रमाणपत्र मागतंय. आपल्याकडच्या वाचकाला पहिला प्रश्न हाच पडेल की मुस्लिम बाई, मुस्लिम घर, मैदा-लोणी-साखर, मग यात कागद कशाला? प्रश्न रास्त आहे. उत्तर मात्र वाटतं तितकं सरळ नाही.

आधी खाऊ समजून घेऊ. इंडोनेशियात 'कुए' म्हणजे गोडधोड आणि फराळ. त्याच्या दोन जाती: कुए बासाह म्हणजे ओला खाऊ, कुए करिंग म्हणजे कोरडा. ओल्यात क्लेपोन आलं. चिकट तांदळाच्या पिठाचे गोळे, त्यांना पांदान पानाचा हिरवा रंग आणि वास, आत ताडाचा किंवा माडाचा गूळ. उकळत्या पाण्यात सोडायचे, वर तरंगले की काढायचे आणि ओल्या खोबऱ्यात घोळवायचे. चावला की आतला पातळ गूळ तोंडात फुटतो. पांदान हे आपल्या केवड्याच्याच कुळातलं झाड. तांदूळ, खोबरं, गूळ हे त्रिकूट ज्याच्या घरात आहे त्या कोकणी माणसाला क्लेपोन परकं वाटणार नाही. गोव्याचा माडाचा गूळ घालून पाहायला हरकत नाही.

ओल्या खाऊची अडचण अशी की तो टिकत नाही. खोबरं दुपारनंतर आंबायला लागतं. म्हणून हुशार बाई खोबऱ्यात चिमूटभर मीठ घालून ते आधी वाफवून घेते, तरीही माल त्याच दिवशी संपवावा लागतो. त्यामुळे ओल्या खाऊचं सगळं वेळापत्रक फजरच्या आसपास फिरतं. पहाटे उठून करायचं, डब्यात भरायचं, बोगोर किंवा बेकासीहून लोकल पकडायची आणि नऊच्या आत ऑफिसात पोचायचं. मीटिंग असेल तर तिथे 'स्नॅक बॉक्स' लागतात: एक गोड, एक तिखट किंवा खारट, सोबत पाणी. अशी पन्नास खोक्यांची ऑर्डर मिळाली तर घरातली सगळी माणसं पहाटे कामाला लागतात.

कोरड्या खाऊचं गणित वेगळं. नास्तार म्हणजे अननसाचा मुरंबा भरलेलं छोटं गोल बिस्किट. नाव डच भाषेतून आलंय, 'अनानस' आणि 'टार्ट' यांची जोडगोळी. कास्तंगल म्हणजे चीजच्या कांड्या, हेही डचच. पुत्री साल्जू म्हणजे हिमराजकन्या, पिठीसाखरेत बुडवलेली चंद्रकोर. डच वसाहतीच्या काळातल्या या बेकरीच्या चिजा आता ईदच्या दस्तरखानावर अशा बसल्यात की त्यांच्याशिवाय ईद अधुरी वाटावी. नीट भाजून हवाबंद बरणीत ठेवलं तर हे आठवडेच्या आठवडे टिकतं. म्हणून ईदची मोठी कमाई कोरड्या खाऊवर होते.

आणि ही कमाई थेट ऑफिसच्या पगाराशी जोडलेली आहे. इंडोनेशियात सणाचा बोनस कायद्याने द्यावा लागतो, त्याला तेहाएर म्हणतात. वर्षभर नोकरी झालेल्याला एक महिन्याचा पगार आणि तोही सणाच्या किमान सात दिवस आधी. नवीन माणसाला महिन्यांच्या हिशेबाने. हातात एकदम दोन पगार आले की गावी जाणारा माणूस आईसाठी, सासूसाठी, शेजाऱ्यांसाठी बरण्या घेतो. सरकारी ऑफिसांत रमजानमध्ये कामाचे तासही कमी होतात, आठवड्याला साडेसदतीसऐवजी साडेबत्तीस. घरी चूल सांभाळणाऱ्या नोकरदार बाईला हे पाच तास फार मोलाचे. अर्थात इफ्तार, तरावीह आणि सहरी यांच्यामधून उरतात तेवढेच! बोनस येतो, ऑर्डरी येतात आणि झोप जाते, सगळं त्याच आठवड्यात.

आता कागदाकडे येऊ. इंडोनेशियाने २०१४ साली हलाल उत्पादनांचा कायदा केला, क्रमांक ३३. त्याआधी प्रमाणपत्र ऐच्छिक होतं आणि ते एमयूआय ही उलेमा परिषद देत असे. नव्या कायद्याने ते बंधनकारक केलं आणि काम बीपीजेपीएच या सरकारी संस्थेकडे गेलं. खाण्यापिण्याच्या पदार्थांसाठी पहिली मुदत १७ ऑक्टोबर २०२४ होती. छोट्या धंद्यांची तयारी नाही हे दिसल्यावर सूक्ष्म आणि लहान उद्योगांना १७ ऑक्टोबर २०२६ पर्यंत वाढवून दिली. एक गैरसमज इथेच दूर करायला हवा. हा कायदा हराम माल विकायला बंदी करत नाही. असा माल प्रमाणपत्रातून वगळलेला आहे, फक्त त्यावर तो हलाल नसल्याचं स्पष्ट लिहावं लागतं.

बरं, घरच्या बिस्किटात संशय घ्यावा असं असतं काय? बरंच काही. नास्तारवर अंड्याचा पिवळा बलक लावतात, त्यानेच ती चकाकी येते. बलक लावायला ब्रश लागतो. बाजारात मिळणारे पांढऱ्या केसांचे काही ब्रश डुकराच्या केसांचे असतात. इंडोनेशियन बायकांमध्ये एक घरगुती चाचणी प्रसिद्ध आहे: एक केस जाळून पाहायचा. जळक्या केसासारखा वास आला तर तो प्राण्याचा, प्लास्टिकसारखा आला तर कृत्रिम. पण कुठल्या प्राण्याचा, हे त्या वासावरून कळत नाही. म्हणून सरळ सिलिकॉनचा ब्रश घ्यावा, आम्हालाही तेच बरं वाटतं.

कास्तंगलमध्ये चीज असतं आणि चीज घट्ट करायला रेनेट लागतं. ते वासराच्या पोटातून येऊ शकतं किंवा सूक्ष्मजीवांपासून बनवता येतं. केक मऊ राहावा म्हणून घालतात त्या इमल्सिफायरमधली चरबी वनस्पतीची असते किंवा प्राण्याची. पुडिंगसाठी जिलेटिन वापरलं तर तेच. इथे इंडोनेशियाचं नशीब चांगलं: समुद्रातल्या शैवालापासून बनणारं अगर-अगर तिथे किराणा दुकानात मिळतं आणि घरचं पुडिंग बहुतेक त्याचंच होतं. आपण ज्याला चायना ग्रास म्हणतो तेच हे. ब्लॅक फॉरेस्ट केकमधल्या रमचा प्रश्न वेगळाच. कुणी म्हणेल, आम्ही खरी रम घालत नाही, नुसता वासाचा इसेन्स घालतो. एमयूआयच्या २००३ च्या फतव्याने तीही वाट बंद केली. हराम पेयाची चव आणि वास मुद्दाम आणलेला पदार्थ चालणार नाही.

म्हणजे संशय बाईच्या नियतीवर नसतो, तिने दुकानातून आणलेल्या पाकिटावर असतो. तिच्या आजीच्या काळी गूळ, खोबरं, तांदूळ गावातलंच होतं, तेव्हा विचारायची गरज नव्हती. आज इमल्सिफायरची डबी कुठल्या कारखान्यातून आली हे तिलाही ठाऊक नसतं.

छोट्यांसाठी सरकारने सोपा रस्ता ठेवलाय, त्याला 'सेल्फ डिक्लेअर' म्हणतात. आधी ऑनलाइन धंद्याचा नोंदणी क्रमांक काढायचा. मग प्रत्येक पदार्थात काय काय घालतो आणि कसं करतो, ते लिहून द्यायचं. प्रशिक्षण घेतलेला साथीदार येऊन स्वयंपाकघर आणि साहित्य तपासतो, त्यानंतर फतवा समिती निर्णय देते. साहित्य आधीच हलाल ठरलेलं आणि कृती साधी असेल तरच हा मार्ग चालतो. सरकारच्या 'सेहाती' योजनेत ठरलेल्या कोट्यापर्यंत हे फुकट होतं. साहित्य किंवा कृती बदलली नाही तर प्रमाणपत्र पुन्हा काढावं लागत नाही. पण ग्यानबाची मेख तिथेच आहे. ईदच्या गर्दीत नेहमीचं लोणी संपलं आणि बाईने दुसऱ्या ब्रँडचं आणलं, तर कागदावरचं बिस्किट आणि बरणीतलं बिस्किट एक राहत नाही. दिवसभर ऑफिस करून हे सगळं सांभाळणं सोपं नाही. मोठ्या कंपनीकडे यासाठी वेगळा माणूस असतो. इथे तीच मालकीण, तीच कामगार, तीच कारकून.

कागद असला म्हणजे सगळं झालं, असंही नाही. एप्रिल २०२५ मध्ये बीपीजेपीएच आणि तिथल्या अन्न-औषध संस्थेने नऊ पॅकबंद उत्पादनांत डुकराचा अंश सापडल्याचं जाहीर केलं. त्यातल्या सात उत्पादनांकडे हलाल प्रमाणपत्र होतं. ही कारखान्यातली उत्पादनं होती, घरातली नव्हेत. त्यानंतर घरगुती बेकरांना आणखी त्रास दिला जावा असं कुणाला वाटत असेल तर ते चूक आहे, असं आमचं मत. तपासणी वरून, म्हणजे कच्चा माल पुरवणाऱ्यापासून घट्ट व्हायला हवी. खाली बिस्किट लाटणारी बाई पाकिटावरच्या शिक्क्यावर विश्वास ठेवूनच माल घेते.

आपल्याकडे मुंब्रा, भिवंडी, मालेगाव, रत्नागिरी इथे घरून केक आणि नानखटाई विकणाऱ्या भगिनींना यातलं एक लगेच उचलता येईल. घरगुती खाऊ विकताना एफएसएसएआयची नोंदणी लागते, ती करतोच. त्यासोबत एका वहीत प्रत्येक पदार्थाचं साहित्य, ब्रँड आणि पाकिटावरची माहिती लिहून ठेवावी. ब्रश, इमल्सिफायर, जिलेटिन, चीज आणि इसेन्स, या पाच गोष्टी आधी पाहाव्यात. गिऱ्हाइकाने विचारलं तर वही दाखवता येते.

तिकडे ईद झाली की ऑफिसं पुन्हा भरतात आणि 'हलाल बिहलाल' होतं. नाव अरबी वाटलं तरी रिवाज अस्सल इंडोनेशियन. सगळे रांगेत उभे राहून एकमेकांची माफी मागतात, साहेबही आणि शिपाईही, मग खाणं होतं. टेबलावर उरलेल्या बरण्या येतात. खोंग ग्वानचा लाल पत्र्याचा बिस्किटांचा डबाही येतो. तो उघडला की आत बिस्किटांऐवजी तांदळाचे कुरकुरीत रेंगिनांग निघतात, यावर तिथे सगळा देश हसतो. आपल्या घरातल्या बिस्किटाच्या डब्यात सुई-दोरा निघतो, तसंच. आणि त्याच दुपारी कुणीतरी त्या ताईला विचारतं, पुढच्या आठवड्यात मीटिंग आहे, चाळीस क्लेपोन होतील का?