जुन्या अँप्लिफायरची दुरुस्ती : आधी माणूस, मग यंत्र, मग आवाज



वसंतातल्या व्याख्यानांत इतिहास, वाङ्मय, अर्थकारण असे भारदस्त विषय यावेत असा रिवाज आहे. आज आम्ही ज्याविषयी बोलणार आहो ती एक लोखंडी पेटी आहे. पुण्याच्या जुन्या बाजारात ती तीन हजार दोनशे रुपयांस मिळाली. तिला व्हॉल्व्हचा अँप्लिफायर म्हणतात. ज्यांचे केस पिकले आहेत त्यांनी गणपतीच्या मांडवात किंवा सभेच्या व्यासपीठामागे ती पाहिली असेल : जाळीच्या झाकणाखाली काचेच्या नळ्या तांबूस उजळलेल्या आणि शेजारी माइकवाला कान देऊन बसलेला.

आमचे शिक्षण कारखान्यात आणि सार्वजनिक वाचनालयात झाले, तेव्हा पदवीधराची भाषा आमच्यापाशी नाही. आणि ही पेटी आम्ही हौसेने घेतली असेही नाही. आज गेटसभेला बॅटरीवर चालणारा हलका स्पीकर पुरतो. पण आमच्या युनियनच्या अभ्यासवर्गात संध्याकाळी तरुण कामगार येतात. ते ज्या यंत्रांवर आठ-आठ तास राबतात, त्यांची झाकणे उघडण्याची त्यांना मुभा नसते. ज्याचे पोट उघडून दाखवता येईल असे एखादे यंत्र त्यांच्यापुढे ठेवावे, एवढाच आमचा हेतू होता.

प्रथम ही पेटी काय करते ते पाहू. इंग्रजीत व्हॉल्व्ह म्हणजे झडप, आणि नाव सार्थ आहे. काचेच्या नळीतून हवा काढून घेतलेली असते. आत कॅथोड नावाची एक बारीक नळकांडी असते. हीटरने ती तापली म्हणजे तिच्यातून इलेक्ट्रॉन बाहेर पडतात. समोर प्लेट असते. तिच्यावर तीनचारशे व्होल्टचा धन दाब असतो, म्हणून इलेक्ट्रॉन तिकडे धावतात. दोन ध्रुवांचा असा व्हॉल्व्ह १९०४ साली इंग्लंडात जॉन अँब्रोज फ्लेमिंग यांनी केला. १९०६ साली अमेरिकेत ली डी फॉरेस्ट यांनी दोहोंच्या मध्ये तिसरा ध्रुव घातला. हीच ग्रिड, आणि आवाज मोठा करण्याची सारी किमया तिच्यात आहे. ग्रिडवरचा ऋण दाब किंचित वाढला की प्रवाह रोडावतो, किंचित कमी झाला की फोफावतो.

कारखान्याच्या फाटकावर उभा असलेला पहारेकरी हात वर करून दोन हजार माणसांचा ओघ थांबवतो आणि हात खाली करून सोडतो. त्याच्या अंगात दोन हजारांचे बळ नसते. तो फक्त इशारा करतो. माइकमधून येणारी वीज काही सहस्रांश व्होल्टची असते. ती इशारा करते. बळ येते ते वीजपुरवठ्यातून. आमच्या पेटीत असे पाच व्हॉल्व्ह आहेत. दोन ईसीसी ८३ माइकचा क्षीण इशारा वाढवतात, दोन ईएल ३४ कर्ण्याला जोर देतात आणि पाचवा, जीझेड ३४, घरच्या उलटसुलट विजेला एका दिशेस लावतो. शेवटी आउटपुट ट्रान्सफॉर्मर व्हॉल्व्हच्या मोठ्या दाबाचे व लहान प्रवाहाचे रूपांतर कर्ण्याला मानवणाऱ्या लहान दाबात व मोठ्या प्रवाहात करतो.

जुनी पेटी घरी आणली की माणसाला पहिला मोह होतो तो प्लग लावून पाहण्याचा. तो आवरावा. पेटीत जी वीज असते ती जीव घेण्यास पुरेशी असते, आणि प्लग काढल्यावरही ती कंडेन्सरांत साठून राहू शकते. पन्नास मायक्रोफॅरडचा कंडेन्सर ४५० व्होल्टपर्यंत भरला तर त्यात सुमारे पाच ज्यूल ऊर्जा असते. म्हणून झाकण काढल्यावर दहा हजार ओहमचा, पाच वॅटचा रेझिस्टन्स विद्युतरोधक मुठीच्या तारांनी कंडेन्सरच्या टोकांना काही सेकंद लावावा आणि दाब शून्य झाला हे मल्टिमीटरने पाहावे. पेचकस टेकवून ठिणगी पाडण्याची जी रीत काही कारागिरांत आहे, ती वर्गात शिकवू नये. चालू पेटीत मोजमाप करताना एक हात खिशात असावा, म्हणजे छातीतून प्रवाहाला वाट मिळत नाही. ज्यांना विजेच्या कामाची सवय नाही त्यांनी हे सारे समजून घ्यावे, पण हात घालू नये. जाणत्या मेकॅनिकाकडे जावे.

दुरुस्तीचे पहिले काम आवाजाशी संबंधित नाही. ते बोलणाऱ्याच्या जिवाशी संबंधित आहे. जुन्या पेट्यांना बहुधा दोन तारांची दोरी आणि दोन पायांचा प्लग असे. तो कसाही उलटा बसे. घूं असा आवाज कमी व्हावा म्हणून काही पेट्यांत मेनच्या एका तारेपासून लोखंडी सांगाड्याला एक कंडेन्सर जोडलेला असे. तो कंडेन्सर फुटून शॉर्ट झाला आणि प्लग उलटा बसला, तर सारा सांगाडा २३० व्होल्टवर येतो. सांगाड्याला माइकच्या तारेचे वेष्टण जोडलेले, आणि वेष्टणाला माइकचा धातूचा दांडा. म्हणजे ओल्या मैदानात अनवाणी उभे राहून जो वक्ता माइक घट्ट धरतो, त्याच्या हातात विजेची तारच दिल्यासारखे होते. आमच्या पेटीत तो कंडेन्सर होता. तो आम्ही मुळातून काढला. तीन तारांची नवी दोरी घातली, पिवळी-हिरवी तार सांगाड्याला स्क्रूने पक्की आवळली, जिवंत तारेत फ्यूज घातला. मग अभ्यासवर्गातल्या एका मुलीने सांगाड्यापासून प्लगच्या अर्थच्या पायापर्यंतचा रोध मोजला. तो एक ओहमहूनही कमी भरला. आधी माणूस हा नियम तिने असा आकड्यात पाहिला.

यानंतर यंत्राकडे वळावे. लोखंड आणि तांबे सहसा दगा देत नाहीत. दगा देतात ते कंडेन्सर. इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सरात अॅल्युमिनियमच्या पत्र्यावर ऑक्साइडचा पातळ थर असतो. पेटी वर्षानुवर्षे पडून राहिली की आतला द्रव सुकतो व थर क्षीण होतो. अशा कंडेन्सरवर एकाएकी पूर्ण दाब आला तर तो तापून फुटतो. दुसरे कागदी कंडेन्सर. पहिल्या व्हॉल्व्हच्या प्लेटवरचा मोठा दाब पुढच्या व्हॉल्व्हच्या ग्रिडवर जाऊ न देता फक्त आवाजाचा कंप पुढे न्यावा, हे त्यांचे काम. कागदात दमटपणा शिरला की ते गळू लागतात. ग्रिडवर दोनचार व्होल्टही धन दाब झिरपला म्हणजे पहारेकऱ्याचा हात जणू लुळा पडतो आणि ओघ अनिर्बंध वाहतो. व्हॉल्व्हची प्लेट लाल होते आणि ती वेळीच दिसली नाही तर आउटपुट ट्रान्सफॉर्मरही जळतो. पाचदहा रुपयांच्या वस्तूपायी पेटीतली सर्वांत महाग वस्तू जाते. म्हणून हे सर्व कंडेन्सर आम्ही तपकीर गल्लीतून नवे आणले, कागदीच्या जागी ६३० व्होल्टचे फिल्मचे घेतले आणि स्वच्छ डाख देऊन बसवले. जे रेझिस्टन्स मोजताना आपल्या रंगपट्ट्यांनी सांगितलेल्या किमतीच्या फार वर गेले होते तेही बदलले. बाकी काही बदलले नाही. चालत्या भागाला केवळ जुना म्हणून काढणे ही दुरुस्ती नव्हे.

वीज देण्याची वेळ आली तेव्हा आम्ही वायरमनचा जुना मित्र कामाला लावला : सिरीज बल्ब. शंभर वॅटचा तारेचा बल्ब पेटीशी एकापुढे एक जोडावा. पेटीत शॉर्ट असेल तर बल्ब लखलखून पेटतो आणि पेटी वाचते. सारे ठीक असेल तर तो क्षणभर उजळून मंद होतो. येथे एलईडी दिवा चालत नाही. आरंभी सर्व व्हॉल्व्ह काढून एकटा ट्रान्सफॉर्मर तपासला, मग व्हॉल्व्ह बसवले. कर्ण्याच्या जागी पन्नास वॅटचा योग्य रोध जोडला, कारण आउटपुटला भार नसताना व्हॉल्व्हचा अँप्लिफायर चालवला तर ट्रान्सफॉर्मरमध्ये दाब उसळून त्याचे वेष्टण फुटू शकते.

बल्ब मंद राहिला, तेव्हा तो काढून घेतला आणि मोजमाप केले. प्रत्येक ईएल ३४ च्या कॅथोडखाली ४७० ओहमचा रोध आहे. त्यावर ३० व्होल्ट आले. तिसास चारशे सत्तराने भागले की ६४ मिलिअँपिअर. प्लेट आणि कॅथोड यांमधला दाब ३५० व्होल्ट. गुणाकार बावीस वॅटांच्या थोडा वर. त्यातला थोडा प्रवाह स्क्रीनकडे जातो, म्हणजे प्लेटवरचा भार याहूनही कमी. प्लेटची मर्यादा पंचवीस वॅट आहे. म्हणजे व्हॉल्व्ह आपल्या ताकदीच्या आत काम करीत आहे. वर्गातल्या मुलांना हे लगेच उमजले. माणसाकडूनही मर्यादेच्या आत काम घ्यावे, यासाठीच तर युनियन असते.

शेवटी आवाज. तो स्वच्छ आला. तारस्वरात भरदार, तळाला किंचित घूं. व्हॉल्व्हच्या आवाजात काही दैवी गोडी असते असे सांगणारे लोक आहेत. आम्ही त्या वादात पडत नाही. दोन ईएल ३४ चे हीटर मिळून जवळजवळ एकोणीस वॅट वीज नुसत्या उष्णतेत घालवतात, तेही एक शब्द बोलण्यापूर्वी. १९४७ च्या डिसेंबरात अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत ट्रान्झिस्टर जन्मला आणि पुढे त्याने व्हॉल्व्हला हटवले, ते योग्यच झाले. गेलेल्या काळासाठी आम्ही गळा काढीत नाही.

मग या पेटीत शिकण्यासारखे काय आहे? ती उघडता येते. साध्या पेचकसाने झाकण निघते. प्रत्येक व्हॉल्व्हचे नाव त्याच्या बैठकीशेजारी छापलेले आहे. व्हॉल्व्ह हाताने काढता व बसवता येतो. तिच्या मंडलाचा नकाशा तळाच्या पत्र्यावर आतून चिकटवलेला आहे. कागद पिवळा पडला, पण वाचता येतो. बंगळूरला १९५४ साली स्थापन झालेल्या भारत इलेक्ट्रॉनिक्स या सरकारी कारखान्यात पुढे व्हॉल्व्ह बनू लागले; आज ते आपल्याकडे दुकानात सहज मिळत नाहीत, परंतु स्लोव्हाकिया, रशिया व चीन येथे ईएल ३४ अजून तयार होतो आणि तो त्याच आठ पायांच्या बैठकीत बसतो. सत्तर वर्षांपूर्वीच्या वस्तूचा सुटा भाग आज बसतो, हा योगायोग नव्हे. ती वस्तू करणाऱ्याने घेतलेला तो निर्णय होता : हे यंत्र बिघडेल, आणि कोणीतरी ते दुरुस्त करील.

आजची पुष्कळ यंत्रे उलट निर्णयाने बनतात. झाकण डिंकाने चिकटवलेले, नकाशा गुप्त, सुटा भाग मिळत नाही, सील तोडल्यास हमी रद्द. यात ग्राहकाचे पैसे जातात हे सर्वांना दिसते. ज्याचे पोट दुरुस्तीवर आहे त्या गल्लीतल्या कारागिराचे काम जाते, हे थोड्यांना दिसते. आणि यंत्र चालवणाऱ्या हाताला यंत्र समजून घेण्याचा अधिकार उरत नाही, हे तर बोललेही जात नाही. २०२२ च्या जुलैत केंद्राच्या ग्राहक व्यवहार खात्याने दुरुस्तीच्या हक्काचा आराखडा करण्यास समिती नेमली आणि त्याच वर्षी २४ डिसेंबरला, राष्ट्रीय ग्राहक दिनी, त्यासाठी पोर्टल सुरू केले. युरोपीय संघाने २०२४ साली वस्तूंच्या दुरुस्तीविषयी निर्देश काढला. पावले योग्य दिशेने आहेत. परंतु हक्क पोर्टलवर लिहिल्याने हातात येत नाही. तो मागावा लागतो, हे आम्हांस चळवळीने शिकवले आहे.

तेव्हा श्रोत्यांस विनंती एवढीच. पुढच्या वेळी पंखा, मिक्सर, फोन, काहीही विकत घ्याल तेव्हा दुकानदाराला किंमत विचारून झाल्यावर आणखी तीन प्रश्न विचारा : हे उघडते कसे, याचा सुटा भाग कोठे मिळतो, आणि दुरुस्त कोण करतो? शंभर गिऱ्हाइकांनी विचारले तर दुकानदार हसेल. हजारांनी विचारले तर तो वर कळवील. आवाज मोठा कसा होतो ते आपण आत्ताच पाहिले : इशारा लहान असला तरी चालतो, तो योग्य जागी पोहोचला पाहिजे.