आर स्वतः बांधताना (लेखांक ५) : फोर्ट्रान कशाला?

या आठवड्यात विंडोज आणि आरटूल्सवर लिहायचं ठरलं होतं, पण ते पुढच्या वेळी. गेल्या लेखानंतर सांगलीच्या एका वाचकांनी विचारलेला प्रश्न माझ्या फार आवडीचा आहे, आणि तो दोन ओळींत उरकावा असं मला वाटत नाही. ते संख्याशास्त्र शिकवतात. त्यांच्या उबुंटूवर जीसीसी आहे, सीचे प्रोग्रॅम बिनतक्रार चालतात, तरी आर बांधताना कॉन्फिगर ‘नो फोर्ट्रान कंपायलर फाउंड’ म्हणून थांबतं. १९५७ साली आलेली ही भाषा आज कशाला हवी, असं ते विचारतात.

त्यांच्या रोजच्या कामासाठीच हवी. तुम्ही आरचं एलएम फंक्शन वापरून रिग्रेशन करता, तेव्हा आकडे आरमधून सीकडे जातात आणि सीमधून डीक्यूआरडीसी२ नावाच्या फोर्ट्रान सबरूटीनकडे. आरच्या सोर्समध्ये त्या नावाची फाइल आहे, ती उघडून सुरुवातीच्या टिपा जरूर वाचा. मूळ कोड लिनपॅक या संग्रहातला, जी. डब्ल्यू. स्टुअर्ट यांचा, तारीख ऑगस्ट १९७८. त्याखाली रॉस इहाका यांचं नाव आणि ऑगस्ट १९९५. समजा, मॉडेलमध्ये तुम्ही ग्रामीण, शहरी आणि एकूण लोकसंख्या असे तिन्ही कॉलम घातले. तिसरा पहिल्या दोघांची बेरीज, त्यामुळे त्यात नवं काहीच नाही. हे सबरूटीन असा कॉलम ओळखतं, उजव्या टोकाला सरकवतं, आणि निकालात ‘एकूण’पुढे एनए दिसतं. विद्यार्थी ज्या एनएला बिचकतात, ते इथून येतं. याशिवाय मॅट्रिक्सची बहुतेक जड कामं करणारं लॅपॅकही फोर्ट्रानमधलंच आहे. इतकी वर्षं तावूनसुलाखून निघालेला कोड केवळ जुना म्हणून पुन्हा लिहायला घेणं मला अजिबात पटत नाही.

फोर्ट्रान कंपायलर ‘कुठलाही चालेल’ असं मात्र समजू नका. २०१९ मध्ये काय झालं ते ऐकण्यासारखं आहे.

फोर्ट्रानच्या सबरूटीनला एखादं अक्षर दिलं की कंपायलर त्याच्या लांबीचा आकडा गुपचूप यादीच्या शेवटी जोडतो. सीमधून लॅपॅकला हाक मारणारे हा छुपा आकडा कधी देतच नसत. अक्षर एकच, लांबी नेहमी एक, कुणी ती तपासत नसे. कित्येक वर्षं सगळं सुरळीत चाललं.

मग जीफोर्ट्रान या जीसीसीच्या फोर्ट्रान कंपायलरच्या नवव्या आवृत्तीच्या सुमारास तो जास्त हुशार झाला. डीपीओएसव्ही हे सबरूटीन घ्या. त्याचं शेवटचं काम म्हणजे डीपीओटीआरएसला हाक मारणं. दोघांनाही लागतात तेच आठ घटक, आणि नववी ती छुपी लांबी. नेहमीच्या ६४ बिटी लिनक्सवर पहिले सहा घटक रजिस्टरमधून जातात, उरलेले स्टॅकवर. नव्या कंपायलरने ठरवलं की दुसऱ्या हाकेसाठी वेगळी जागा कशाला, पहिलीच वापरू. त्याच्या हिशेबी स्टॅकवर तीन जागा होत्या. सीने राखल्या होत्या दोनच. तिसऱ्या जागी त्याने एकाचा आकडा लिहिला, तो हाक मारणाऱ्याच्या हद्दीत. शेजाऱ्याचा बांध कोरावा तसा! तिथे जे काही ठेवलेलं असेल ते पुसलं गेलं, आणि पॅकेजं मधेच कोसळू लागली किंवा चुकीचे निकाल देऊ लागली.

आरच्या मुख्य गटातले टोमास कालिबेरा यांनी यंत्रभाषेपर्यंत उतरून याचा छडा लावला. नियमाने पाहिलं तर चूक सीच्या बाजूची होती, कंपायलरची नव्हे. तरीही जीसीसीवाल्यांनी जुन्या कोडसाठी पळवाट ठेवली, आणि आरने लांबी उघडपणे पाठवण्याची सोय केली. दोन्ही बाजूंचं हे वागणं मला फार मोठं वाटतं.

आता सांगलीकरांसाठी. जीफोर्ट्रान उबुंटूच्याच भांडारातून घ्या, म्हणजे तो तुमच्या जीसीसीच्या आवृत्तीशी जुळेल. कॉन्डा वापरत असाल तर ते बंद करून मगच कॉन्फिगर चालवा, नाहीतर एक कंपायलर इथला, दुसरा तिथला अशी सरमिसळ होते आणि लिंक करताना लायब्ररी सापडत नाही. मॅकवाल्यांनो, ॲपलच्या कमांड लाइन टूल्समध्ये क्लँग असतो, पण फोर्ट्रान नसतं. ते आरच्या मॅक पानावर दिलेलंच बसवा.

कॉन्फिगर संपल्यावर शेवटी कंपायलरांची यादी छापली जाते. सी आणि फोर्ट्रानच्या ओळी वाचल्याशिवाय मेक देऊ नका, आणि मेक चेक पार पडल्याशिवाय इन्स्टॉल करू नका. विंडोजवाल्यांनी पुढच्या आठवड्यापर्यंत आरटूल्सची आवृत्ती आपल्या आरशी जुळते का, तेवढं पाहून ठेवावं.