मागे घेतलेल्या बोलीची किंमत

बँकांनी ताब्यात घेतलेल्या तारण मालमत्तांच्या ई-लिलावाच्या जाहिराती अलीकडे वृत्तपत्रांत पानेच्या पाने भरून येतात. सदनिका, दुकानांचे गाळे, कारखान्यांच्या शेड अशी ती यादी पुष्कळ लोक उत्सुकतेने चाळतात. तिच्याखाली बारीक टाइपात छापलेल्या अटी वाचणारे मात्र थोडे. त्या अटींत दोन अटी बहुधा हटकून असतात. एकदा दिलेली बोली मागे घेता येणार नाही, ही पहिली. आणि कोणतेही कारण न देता लिलाव तहकूब अथवा रद्द करण्याचा अधिकार प्राधिकृत अधिकाऱ्याने राखून ठेवला आहे, ही दुसरी. पहिलीने घेणारा बांधला जातो, दुसरीने विकणारा मोकळा राहतो. या दोन अटींनी मिळून काय घडते, याचा विचार अर्थशास्त्राच्या अंगाने करावयास हवा.

लिलाव ही किंमत ठरविण्याची रीत आहे, असे आम्ही वर्गात शिकवितो. वस्तुतः किंमत ठरण्याच्याही आधी तो शब्द देण्याघेण्याचा व्यवहार असतो. कोणाचा शब्द कोणत्या क्षणापासून पक्का मानावयाचा आणि तो मोडल्यास काय भरावयाचे, हे जर स्पष्ट नसेल, तर निघालेल्या किमतीला फारसा अर्थ उरत नाही.

जुन्या लिलावात तो क्षण हातोड्याचा होता. इंग्लंडमध्ये १७८९ साली ‘पेन विरुद्ध केव्ह’ या खटल्यात हा प्रश्न आला. दारू गाळण्याच्या एका साधनावर ४० पौंडांची बोली झाली होती. हातोडा पडण्यापूर्वी बोलीदाराने मालाच्या वजनाची हमी मागितली. ती मिळेना, तेव्हा त्याने आपली बोली मागे घेतली. माल पुढे ३० पौंडांना गेला आणि फरकासाठी फिर्याद झाली. न्यायालयाने सांगितले की, बोली हा केवळ प्रस्ताव आणि हातोड्याचा ठोका ही त्याची स्वीकृती. तोवर दोन्ही पक्ष मोकळेच. आपल्या १९३० च्या मालविक्री अधिनियमाच्या ६४ व्या कलमात हेच तत्त्व आले आहे. हातोडा पडून अथवा रूढ रीतीने विक्री पूर्ण झाल्याचे जाहीर होईपर्यंत कोणाही बोलीदारास बोली मागे घेता येते. हा अधिनियम जंगम मालापुरता आहे हे खरे. तथापि स्वीकृतीपूर्वी प्रस्ताव मागे घेण्याची मुभा १८७२ च्या करार अधिनियमाच्या ५ व्या कलमाने सर्वच करारांना दिली आहे.

ही मुभा इतकी वर्षे कोणाला डाचली नाही, याचे कारण लिलावाच्या जागेत होते. ‘एकवार, दोनवार, तीनवार’ या पुकाऱ्याला काही सेकंद पुरतात. तेवढ्या अवधीत मन बदलणारे थोडे, आणि बदललेच तर चारचौघांच्या देखत बदलावे लागते. पुढच्या लिलावात त्या माणसाच्या बोलीकडे पुकारणारा ढुंकूनही पाहणार नाही, ही धास्ती असते. मुभा होती, पण तिच्यावर लोकलज्जेचा पहारा होता.

१९९५ साली पिअर ओमिड्यार यांनी अमेरिकेत ‘ऑक्शनवेब’ हे संकेतस्थळ सुरू केले. तेच पुढे ‘ईबे’ झाले. तेथे हातोड्याच्या जागी घड्याळ आले. काही सेकंदांचा अवधी सात दिवसांचा, दहा दिवसांचा झाला आणि समोर बसलेल्या माणसाच्या जागी एक टोपणनाव आले. आपल्याकडील जुन्या बाजारपेठांत रुमालाखाली बोटे दाबून भाव ठरविण्याची हत्ता पद्धत होती. ती मोडून उघडा लिलाव आणण्यास बराच काळ लागला. तो रुमाल यंत्राच्या पडद्याचे रूप घेऊन परत आला, असे म्हणावयास हरकत नाही.

पडद्याआडची एक युक्ती तर फार साधी आहे. समजा, एका कॅमेऱ्यावर कोणी २,००० रुपयांची बोली लावली आणि लगेच त्याच्याच साथीदाराने २०,००० ची. इतका भाव पाहून बाकीचे निघून जातात. मुदत संपता संपता साथीदार आपली बोली मागे घेतो आणि कॅमेरा २,००० ला पदरात पडतो. मागे घेण्याची मुभा येथे स्पर्धा हाकलून लावण्याचे हत्यार झाली. म्हणून ईबेला नियम करावे लागले. रकमेच्या आकड्यात चूक झाली, वस्तूचे वर्णन मध्येच बदलले किंवा विकणाऱ्याशी संपर्क होईना, अशा मोजक्या कारणांसाठीच बोली मागे घेता येते. आणि शेवटच्या १२ तासांत लावलेली बोली असेल तर लावल्यापासून तासाभरातच. ६४ व्या कलमाची सरसकट मुभा घड्याळाच्या लिलावात चालत नाही, ही कबुलीच या नियमांत आहे.

आता विकणाऱ्याची बाजू. तिचा सर्वांत काटेकोर विचार माझ्या मते जर्मनीत झाला. तेथील एका गृहस्थाने आपली जुनी फोक्सवॅगन पसाट मोटार १ युरो या प्रारंभिक किमतीने ईबेवर लावली. पहिली बोली १ युरोची आली. काही तासांतच त्याला बाहेर दुसरे गिऱ्हाईक मिळाले आणि त्याने लिलाव मध्येच बंद केला. बोलीदार न्यायालयात गेला. मोटारीची किंमत ५,२५० युरो धरली गेली आणि १२ नोव्हेंबर २०१४ रोजी कार्ल्सरूह येथील सर्वोच्च संघीय न्यायालयाने त्याला ५,२४९ युरोंची भरपाई कायम केली. लिलाव लावणे हाच बांधून घेणारा प्रस्ताव आहे आणि सबळ कारणाशिवाय तो मोडला तर त्या क्षणीच्या सर्वोच्च बोलीदाराशी करार झालाच, असा त्याचा आशय. याच न्यायालयाने २०११ मध्ये, लिलाव चालू असताना चोरीस गेलेल्या कॅमेऱ्याच्या विक्रेत्याला मात्र दोषमुक्त केले होते. म्हणजे मागे फिरण्याची वाट बंद नाही. तिच्यावर कारणाचा नाका आहे. या कडकपणातून एक चमत्कारिक जमातही निपजली. शेकडो लिलावांत एकेक युरोची बोली लावावयाची आणि कोणी लिलाव मोडतो का याची वाट पाहत बसावयाचे, हाच काहींचा उद्योग झाला. नियमाच्या सावलीत असे बांडगूळ उगवतेच. तेवढ्याने नियम वाईट ठरत नाही.

मागे फिरण्याचा हक्क हा स्वतःच एक मौल्यवान पदार्थ आहे, असे अर्थशास्त्र मानते. पुढे भाव चढला तर माल माझा, पडला तर मी चाललो, ही सवलत ज्याला फुकट मिळते त्याला दुसऱ्याच्या खर्चाने विमा मिळालेला असतो. ऑस्ट्रेलियाने १९९३ मध्ये उपग्रह दूरचित्रवाणीचे दोन परवाने विक्रीस काढले आणि बोलीसोबत अनामत रक्कम घेण्याचे विसरले. ‘हाय व्हिजन’ आणि ‘यूकॉम’ या दोन अपरिचित कंपन्यांनी २१.२ कोटी आणि १७.७ कोटी डॉलरच्या बोल्या लावून सर्वांना थक्क केले. मग त्यांनी पैसे भरले नाहीत. नियमानुसार परवाना दुसऱ्या क्रमांकाच्या बोलीकडे जावयाचा. ती बोलीही बहुधा त्यांचीच, ५० लाखांनी कमी. अशी एकेक पायरी उतरत परवाने अखेर ११.७ कोटी आणि ७.७ कोटी डॉलरना गेले. मागे फिरणे फुकट ठेवले की काय होते, याचा इतका स्वच्छ दाखला क्वचितच सापडेल.

आणि तरीही तो कोणी वाचलेला दिसत नाही. नोव्हेंबर २०२५ मध्ये हरियाणात वाहनाच्या एका पसंतीच्या क्रमांकासाठी ऑनलाइन लिलावात १ कोटी १७ लाख रुपयांची बोली लागली. देशभर बातमी झाली. मुदतीत पैसे आले नाहीत आणि बोलीदाराची सुमारे ११,००० रुपयांची अनामत तेवढी बुडाली. मग राज्याच्या परिवहन मंत्र्यांनी त्याच्या मिळकतीची चौकशी करण्याचे आदेश दिले. नियमांत लावावयाची राहिलेली किंमत मागाहून हुकमाने वसूल करण्याचा हा प्रकार.

मागे फिरण्याचा हक्क कागदावर असला तरी तो वापरण्याची ऐपत हवी, हीही एक बाजू आहे. १४ एप्रिल २०१६ रोजी सुरू झालेल्या ई-नाम या राष्ट्रीय कृषी बाजारात सर्वोच्च बोली पसंत नसेल तर ती नाकारण्याचा हक्क शेतकऱ्याला आहे. पसाटच्या मालकाला जर्मन न्यायालयाने नाकारलेली मुभा येथे बिनशर्त मिळाली. परंतु ज्याने भाड्याच्या ट्रॅक्टरने कांदा यार्डात आणला आहे, ज्याच्या मालाचे वजन उन्हात घटते आहे आणि परतीचे भाडे ज्याच्या खिशात नाही, त्याने तो हक्क कशाच्या बळावर बजावावा? त्याच्या दृष्टीने नकाराची किंमत परतीच्या भाड्याइतकी अधिक नासाडीइतकी आहे, आणि हे समोरचा व्यापारी पक्के जाणून असतो.

आता पुन्हा बँकांकडे वळू. येथे दोष उलट दिशेचा आहे. तारण मालमत्तांच्या विक्रीचे २००२ चे जे नियम आहेत, त्यांतील ९ व्या नियमानुसार यशस्वी बोलीदाराने २५ टक्के रक्कम त्याच दिवशी, फार तर कामकाजाच्या दुसऱ्या दिवशी भरावयाची. उरलेली विक्री कायम झाल्यापासून १५ दिवसांत, अथवा बँक लेखी राजी असल्यास तीन महिन्यांपर्यंत. चुकल्यास भरलेली रक्कम जप्त. सेंट्रल बँक ऑफ इंडियाच्या एका प्रकरणात बोली १२.२७ कोटींची होती आणि ३.०६ कोटी भरलेले होते. बाकी रक्कम आली नाही. बँकेने तीच मालमत्ता पुन्हा विकली, ती १४.७६ कोटींना. बँकेला तोटा झाला नव्हता. म्हणून अपील न्यायाधिकरणाने जप्ती ५५ लाखांपुरती मर्यादित केली आणि उच्च न्यायालयाने ती मान्य केली. सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२४ मध्ये हे निर्णय फिरवून पूर्ण रकमेची जप्ती कायम केली. ऑस्ट्रेलियाचा अनुभव पाहता या निकालामागची भूमिका समजते. जप्तीची भीती नसेल तर ई-लिलाव हा पोरखेळ होईल. पण फेरविक्रीत २.४९ कोटी अधिक मिळूनही वर ३.०६ कोटी ठेवून घेणे हे नुकसानभरपाईच्या कोणत्या हिशेबात बसते, हे विचारावयास हरकत नसावी.

कोट्यवधींचे व्यवहार बाजूला ठेवू. एखादा माध्यमिक शिक्षक ४० लाखांच्या सदनिकेवर बोली लावतो. १० लाख, म्हणजे बहुधा भविष्यनिर्वाह निधीतून काढलेली पुंजी, दुसऱ्या दिवशी भरून टाकतो. उरलेल्या ३० लाखांसाठी तो कर्ज मागावयास जातो, ते अनेकदा दुसऱ्या एखाद्या बँकेकडेच. ती बँक मूल्यांकन मागते, मालकीचे दस्त मागते, ते आणावयाचे लिलाव करणाऱ्या बँकेकडून. १५ दिवस ही मुदत या कागदांच्या फेऱ्यातच संपण्यासारखी आहे. लबाडीने मागे फिरणारा आणि कर्ज वेळेत न मिळालेला, यांच्यात नियम फरक करीत नाही.

उलट बाजूला बँकेला ‘कारण न देता’ लिलाव रद्द करता येतो. विक्री कायम झाल्यावर मात्र तीही बांधली जाते, हे सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२३ मध्ये ‘सेलिर विरुद्ध बाफना मोटर्स’ या प्रकरणात ठणकावून सांगितले. त्यात १०५.०५ कोटींची बोली स्वीकारल्यानंतर कर्जदार १२९ कोटी भरावयास पुढे आला आणि मुंबई उच्च न्यायालयाने त्याला तशी परवानगी दिली होती. सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द केली. निकाल योग्यच आहे. पण विक्री कायम होण्यापूर्वीच्या दिवसांत, अनामत अडकलेली असताना, बोलीदाराचे संरक्षण काय, हा प्रश्न त्याने सुटत नाही.

विकणाऱ्याला असे बांधले तर कोणी लिलाव पुकारणारच नाही, असा आक्षेप घेतला जाईल. १८७३ च्या ‘हॅरिस विरुद्ध निकरसन’ खटल्यात हाच मुद्दा होता. जाहिरात वाचून लंडनहून लिलावाला गेलेल्या दलालास हवे ते सामान तेथे विक्रीतून काढून घेतलेले आढळले आणि त्याचा प्रवासखर्चाचा दावा फेटाळला गेला. नुसत्या पाहुण्याच्या बाबतीत ते ठीक. ज्याची अनामत बँकेने आधीच ठेवून घेतली आहे, तो पाहुणा नसतो.

तेव्हा लिलाव कोणकोणत्या कारणांनी रद्द होऊ शकेल ते जाहिरातीतच लिहावे, जर्मनीत चोरीचे कारण चालले त्या धर्तीवर. मालकीचे दस्त बोलीपूर्वीच संकेतस्थळावर ठेवावेत, म्हणजे १५ दिवसांच्या मुदतीला काही अर्थ राहील. जप्ती एका ठरावीक दंडापुरती आणि फेरविक्रीत प्रत्यक्ष आलेल्या तुटीपुरती असावी. वरची रक्कम परत जावी. आणि बँकेने आपणहून लिलाव रद्द केला, तर अनामत भरल्याच्या दिवसापासून ती परत मिळेपर्यंतचे व्याज कोणत्या दराने द्यावयाचे, एवढे एक वाक्य त्या बारीक टाइपात वाढविण्यास जागेची अडचण पडू नये.