दिवेआगरच्या वाटेवरचं इंजिन ऑईल

१७ नोव्हेंबर १९९७ रोजी दिवेआगरच्या सुपारीच्या वाडीत सुवर्णगणेशाचा मुखवटा सापडला आणि गावाकडे गाड्यांची रीघ लागली. त्या गाड्यांच्या पोटातलं ऑईल गेल्या पाव शतकात किती बदललं, हे इकडे फारसं कोणी लिहिलेलं नाही. लिहायला हवं, कारण आजही इंजिनं चुकीच्या ऑईलपायी खोलावी लागतात.

तेव्हा निवडीचा प्रश्नच नव्हता. पद्मिनी असो, अ‍ॅम्बॅसेडर असो की जीप, मिस्त्री २०डब्ल्यू-४० किंवा २०डब्ल्यू-५०चा डबा फोडायचा. खनिज तेल, दाट आणि स्वस्त. झिजलेल्या इंजिनाला दाट ऑईलच मानवायचं. काढलेलं जळकं ऑईलही वाया जात नसे. वाळवी लागू नये म्हणून ते मांडवाच्या खांबांना फासलं जाई.

हवामानानेही कोणाला महागड्या, पातळ सिंथेटिक ऑईलकडे ढकललं नाही. ग्रेडमधला ‘डब्ल्यू’च्या आधीचा आकडा थंडीचा. २०डब्ल्यूची गार इंजिन फिरवण्याची चाचणी उणे १५ अंशांवर होते, ०डब्ल्यूची उणे ३५ वर. दिवेआगरला डिसेंबरच्या पहाटेही एक शाल पुरते. गाडी चालू करताना पातळ ऑईल कॅमशाफ्टपर्यंत लवकर चढतं, हा फायदा इथेही मिळतो. पण केवळ त्यासाठी कोणी दुप्पट पैसे मोजले नसते.

बदल आणला तो इंजिनाने. २००७ साली स्विफ्ट डिझेल आली आणि टर्बो मध्यमवर्गाच्या दारात उभा राहिला. टर्बोचा दांडा मिनिटाला लाखावर फेरे घेतो आणि त्याला ऑईलच्या पातळ थराचाच आधार असतो. पुण्याहून ताम्हिणी, माणगाव, म्हसळा करत भरल्या गाडीने यायचं, म्हणजे घाटात हे ऑईल चांगलंच तापतं. खनिज तेल अशा उष्णतेत लवकर जाड होतं, गाळ धरतं. सिंथेटिकचे रेणू एकसारखे असल्याने ते जास्त तग धरतं. माझ्या मते सिंथेटिकची खरी कमाई इथे आहे.

डब्यावरच्या ‘फुली सिंथेटिक’ या शब्दांवर मात्र डोळे मिटून विसंबू नये. अमेरिकेत याच ‘सिंथेटिक’ शब्दाच्या वापरावरून मोबिलने कॅस्ट्रॉलविरुद्ध तक्रार केली होती. १९९९ मध्ये तिथल्या जाहिरात लवादाने कॅस्ट्रॉलच्या बाजूने कौल दिला. तेव्हापासून खनिज तेलावर हायड्रोजनची कडक प्रक्रिया करून बनवलेलं, तिसऱ्या गटाचं तेलही सिंथेटिक म्हणून सर्रास विकलं जाऊ लागलं. ते तेल वाईट नाही, उलट चांगलंच आहे. पण किमतीपेक्षा डब्यामागची बारीक अक्षरं वाचावीत: ग्रेड, एपीआयचा (अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूटचा) दर्जा आणि गाडीच्या कंपनीची मान्यता.

मग २०२० उजाडलं. १ एप्रिलला बीएस-६ हे धुराच्या प्रदूषणाचे निकष लागू झाले, १ मेपासून पेट्रोल इंजिनांसाठी एपीआयचा ‘एसपी’ दर्जा आला आणि ३ जूनला निसर्ग चक्रीवादळाने किनारा झोडपला. टाळेबंदीत आणि नंतरच्या पावसाळ्यात कितीतरी गाड्या दारातच उभ्या राहिल्या. किलोमीटर वाढले नाहीत म्हणून ऑईल ताजं राहत नाही.

बीएस-६ डिझेलच्या धुराड्यात काजळी अडवणारी जाळी असते. काजळी तापवून जाळता येते, पण ऑईलमधली राख जळत नाही, ती जाळीत साठत जाते. म्हणून या गाड्यांना कमी राखेचं ऑईलच लागतं. जुन्या डिझेलचं ऑईल, सिंथेटिक असलं तरी, त्यांना चालत नाही. त्यात गाडी रोज फक्त जवळच्या बोर्ली पंचतनपर्यंत जात असेल तर जाळीची सफाई अर्ध्यावर तुटते आणि त्यासाठी सोडलेलं जादा डिझेल खाली ऑईलमध्ये उतरतं. डिपस्टिक पुसून पुन्हा बुडवा: ऑईल वरच्या खुणेपलीकडे गेलेलं दिसेल, बोटावर घेतलं तर डिझेलचा वास येईल. पातळी वाढली म्हणून निश्चिंत होणारे लोक आहेत. तसं ऑईल ताबडतोब बदलायला हवं.

पेट्रोल गाडीची खूण वेगळी. पावसाळ्यात ऑईल भरायचं झाकण उघडा. आतून पिवळट पांढरी साय धरलेली असते. इंजिन पुरतं तापलं नाही की आतली वाफ उडून न जाता ऑईलमध्ये मिसळते. एखादी लांब फेरी मारल्यावर साय गेली तर काळजी नाही. पण साय पुन्हा धरत असेल आणि कूलंटही कमी होत असेल, तर गॅस्केट तपासावं.

मारुतीच्या अलीकडच्या पेट्रोल इंजिनांना कंपनी ०डब्ल्यू-१६ सांगते. जुने मिस्त्री ते पाण्यासारखं ऑईल पाहून बिचकतात आणि ‘आपल्याकडे उन्हाळा कडक’ म्हणत दाट ऑईल ओततात. त्यांचा अनुभव झिजलेल्या जुन्या इंजिनांचा, आणि तिथे तो खराच होता. नव्या इंजिनातल्या फटी, पंप, वाहिन्या पातळ ऑईल धरूनच आखलेल्या असतात. तेव्हा पुस्तिकेतला ग्रेड ठेवावा. घाट चढणाऱ्या टर्बोला चांगलं सिंथेटिक द्यावं. गावातच फिरणाऱ्या गाडीला पुस्तिकेने साध्या ऑईलची मुभा दिली असेल तर त्याच दर्जाचं साधं घालावं आणि किलोमीटर भरोत न भरोत, पावसाळा सरला की दरवर्षी बदलावं.