नेट बंद, लिखाण सुरू: खोडदच्या दुर्बिणीने दिलेला धडा

ज्यांना हा भाग ऐकायला वेळ मिळाला नाही त्यांच्यासाठी नेहमीप्रमाणे लिहून देतोय. अडखळलो होतो तेवढं काढलंय, बाकी बोललो तसंच आहे.

सुरुवात एका कबुलीने करतो. माझ्या फोनमध्ये आजीच्या आवाजातली १४ रेकॉर्डिंग आहेत, सगळी मिळून साधारण ९ तासांची. तिचं माहेर, विहिरीवरची मोट, १९७२चा दुष्काळ, लग्नात मिळालेली भांडी, असं सगळं त्यात आहे. यातून एक छोटं पुस्तक लिहायचं, निदान घरापुरतं तरी, असं मी ठरवलं होतं. दोन वर्षांत लिहून झाली अडीच पानं.

दिवाळीत आळ्याला घरी गेलो तेव्हा आजीने विचारलं, "लिहिलं का रे बाळा?" मी म्हटलं, "चालू आहे." तिला ऐकू गेलं नाही. हल्ली तिच्या कानाशी जाऊन मोठ्याने बोलावं लागतं. मग मी तेच खोटं दुसऱ्यांदा ओरडून सांगितलं.

वेळ नव्हता असं म्हणावं तर तसंही नाही. रोज रात्री तास-दीड तास मिळतच होता. फाईल उघडायची, चार ओळी लिहायच्या, मग एक नोटिफिकेशन, मग "फक्त एवढं बघतो", आणि मग साडेअकरा. तर आज बोलूया, लिहिण्यासाठी इंटरनेटपासून सुट्टी घ्यायची म्हणजे नक्की काय करायचं, आणि ती सुट्टी नुसत्या निश्चयावर का टिकत नाही.

आधी यंत्राचं उदाहरण

मी सॉफ्टवेअरवाला, त्यामुळे मला हे असं समजतं. प्रोसेसर एका कामावरून दुसऱ्या कामावर जातो तेव्हा आधीच्या कामाची अवस्था जपून ठेवतो आणि नव्या कामाची भरतो. याला कॉन्टेक्स्ट स्विच म्हणतात. त्यात थोडा वेळ जातोच. पण छुपा खर्च वेगळा आहे. प्रोसेसरजवळच्या छोट्या, वेगवान कॅशमध्ये आता दुसऱ्याच कामाचा माल येऊन बसलेला असतो. परत आल्यावर आपला माल लांबच्या मेमरीतून पुन्हा आणावा लागतो.

माणसाचंही काहीसं तसंच. सोफी लेरॉय या संशोधिकेने २००९ मध्ये याला "अटेन्शन रेसिड्यू" असं नाव दिलं. मी त्याला लक्षाचा गाळ म्हणतो. एक काम अर्धवट सोडून दुसऱ्यावर गेलात तरी लक्षाचा काही भाग पहिल्यातच अडकून राहतो. म्हणजे व्हॉट्सअ‍ॅपवर २ मिनिटं गेलो तर फक्त २ मिनिटंच गेली असं होत नाही. आजीच्या विहिरीवर परतलो तरी डोक्यात ऑफिसच्या ग्रुपवरचा वाद चालूच असतो. आणि लिखाणात तर सगळं डोक्यातच मांडलेलं असतं: पुढचं वाक्य, मागचा धागा, माणसाच्या बोलण्याची लकब. ते एकदा विस्कटलं की पुन्हा मांडायला वेळ लागतो.

खोडदला काय केलंय ते बघा

आमच्या जुन्नर तालुक्यात, नारायणगावच्या पूर्वेला खोडद आहे. तिथली जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण तुमच्यापैकी अनेकांनी शाळेच्या सहलीत पाहिली असेल. प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या आहेत. त्यातल्या १४ साधारण एक चौरस किलोमीटरच्या मध्यभागात, आणि उरलेल्या १६ इंग्रजी 'वाय' आकाराच्या तीन भुजांवर. एकेक भुजा सुमारे १४ किलोमीटरची. डॉ. गोविंद स्वरूप यांच्या नेतृत्वाखाली ती उभी राहिली.

ती इथेच का? कारणं बरीच होती, पण एक महत्त्वाचं कारण म्हणजे शांतता. कानाला जाणवणारी नव्हे, रेडिओ लहरींची शांतता. आकाशातून येणारे संकेत अतिशय क्षीण असतात. माणसाने केलेला रेडिओ गोंगाट इथे कमी होता आणि आजूबाजूच्या डोंगरांचा आडोसाही होता. २०२३ मध्ये याच दुर्बिणीच्या निरीक्षणांतून साधारण ८८० कोटी वर्षांपूर्वी निघालेला, एका दीर्घिकेतल्या हायड्रोजनचा संकेत सापडल्याचं जाहीर झालं. मध्ये असलेल्या दुसऱ्या दीर्घिकेच्या गुरुत्वाकर्षणाने तो मोठा करून दिला होता, म्हणून सापडला. इतकं क्षीण काही ऐकायचं तर शेजारी मोबाईल वाजत असून चालत नाही.

यातून मी दोन गोष्टी घेतल्या.

पहिली: शास्त्रज्ञांनी "आम्ही गोंगाटाकडे दुर्लक्ष करू" असं म्हणून दुर्बीण भर पुण्यात बांधली नाही. त्यांनी जागा बदलली. मी मात्र दोन वर्षं भर गोंगाटात बसून दुर्लक्ष करायचा प्रयत्न करत होतो.

दुसरी: त्यांनी संपर्क तोडलेला नाही. लांबच्या तबकड्यांचे संकेत मध्यवर्ती इमारतीपर्यंत जमिनीखालून टाकलेल्या ऑप्टिकल फायबरने येतात. जोडणी आहे, पण गोंगाट न करणारी. म्हणजे प्रश्न "जोडलेलं की तुटलेलं" हा नाहीच. कामाला लागणारी तार कोणती आणि बाकीचं काय, एवढंच ठरवायचं असतं.

एकट्याने जमत नाही

सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगावची बातमी तुम्हाला आठवत असेल. २०२२ मध्ये १४ ऑगस्टला गावाने बैठकीत ठरवलं आणि दुसऱ्या दिवसापासून मंदिरावरचा भोंगा संध्याकाळी ७ला वाजायला लागला. तो वाजला की टीव्ही आणि मोबाईल बंद, ते साडेआठला पुन्हा वाजेपर्यंत. मुलांनी अभ्यास करावा, लोकांनी वाचावं, बोलावं, हा हेतू. मला यात आवडलं ते हे की बंद करायची वेळ एकट्याच्या मनावर सोडलेली नाही. सगळ्यांचं एकदमच बंद, त्यामुळे "माझं काहीतरी सुटतंय" ही रुखरुख उरत नाही.

आणि सामानाचं काय? लोकमान्य टिळकांनी 'गीतारहस्य' मंडालेच्या तुरुंगात १९१०-११च्या हिवाळ्यात साधारण ५ महिन्यांत, पेन्सिलीने लिहून काढलं. तो तुरुंगवास होता, सुट्टी नव्हे, त्यामुळे त्याचं कौतुक करायला नको. पण एक लक्षात घ्या. गीतेवर त्यांचा विचार अनेक वर्षं चालू होता आणि तुरुंगात संदर्भाची पुस्तकं त्यांच्याजवळ होती. एकांतामुळे पुस्तक आपोआप येत नाही, तयारी आधीची लागते.

मी काय केलं

१० दिवसांची रजा काढली आणि आळ्यात राहिलो. त्याआधी आठवडाभर रेकॉर्डिंग ऐकून जमेल तेवढं उतरवून घेतलं आणि नारायणगावला जाऊन प्रिंट काढल्या. पूर्ण दिवस नेट बंद ठेवायचा आव आणला नाही. सकाळी ६ ते १० बंद, एवढंच. आई उठली की राऊटरचा प्लग काढायची आणि माझा फोन गव्हाच्या कोठीवर ठेवून द्यायची. माझी तार म्हणजे वडिलांचा बटणांचा जुना फोन. ऑफिसातल्या एकाच सहकाऱ्याला तो नंबर दिला होता. १० दिवसांत एकदाही वाजला नाही, हे जरा मनाला लागलं, पण असो.

पहिले दोन दिवस वाईट गेले. हात आपोआप खिशाकडे जायचा. तिसऱ्या दिवशी त्याहून हुशार अडचण आली, ती म्हणजे संशोधन. लिहिता लिहिता "थारोळं" हा शब्द आला. मोटेचं पाणी जिथे ओततात ती जागा. म्हटलं, नक्की कसं असायचं ते नेटवर पटकन बघतो. हे कामाचंच आहे ना! पण नियम असा केला होता की शंका आली तर पानावर फुली मारायची आणि पुढे जायचं.

१० वाजता फोन घ्यायला उठलो तर आजी ओट्यावर लसूण सोलत बसली होती. नेटवर बघण्याऐवजी तिच्या कानाशी जाऊन विचारलं, "आजी, थारोळं कसं असायचं गं?"

तिने हाताने आकार दाखवला. मग म्हणाली, "तिथंच आम्ही पोरी पाटी धुवायचो. माझी पाटी तिथंच फुटली दगडावर. मग दुसरी कुणी आणली नाही. शाळा तिथंच संपली."

९ तासांच्या रेकॉर्डिंगमध्ये हे कुठेच नाहीये. मी तिला शाळेबद्दल विचारलं होतं, तेव्हा ती "दुसरीपर्यंत" एवढंच म्हणाली होती. नेटवर मला थारोळ्याचा फोटो नक्की मिळाला असता. पाटी मिळाली नसती.

तुम्हाला करायचं असेल तर

एक, दिवसातले ठरावीक तास घ्या, महिनाभराचा संन्यास नको. दोन, फोन दुसऱ्या खोलीत आणि दुसऱ्याच्या ताब्यात. तीन, लागणारं साहित्य आधी कागदावर आणा. चार, एक तार चालू ठेवा, नाहीतर काळजीनेच लक्ष उडेल. पाच, शंकेला फुली मारा, आणि नंतर आधी माणसाला विचारा, मग नेटला. आणि घरच्यांना सांगून करा. तुमच्या शांततेचा भार कुणीतरी उचलत असतं. माझे फोन त्या १० दिवसांत आईने घेतले, तेही स्वयंपाक करता करता.

१० दिवसांत ३१ पानं झाली. कच्ची आहेत. पुण्याला परत आल्यावर वेग पुन्हा कमी झालाय, हेही खरं सांगतो. आता फक्त शनिवार-रविवार सकाळ जमते.

निघायच्या आदल्या दिवशी पहिलं प्रकरण आजीला वाचून दाखवलं, कानाशी बसून, मोठ्याने. शेजारच्या काकूही ओट्यावर येऊन बसल्या. संपल्यावर आजी म्हणाली, "बैलाचं नाव चुकलंय. ढवळ्या नव्हता, पवळ्या होता." मी तिथेच पेन्सिलीने दुरुस्त केलं.

भेटूया पुढच्या भागात. तोवर तुमच्या घरातलं असं कुणी असेल, तर आजच जाऊन एक प्रश्न विचारा.